पद्मिनीचं हेड आणि पॉइंट आठचं तांबं

आमच्या १९८४ च्या प्रीमियर पद्मिनीचं हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरचं झाकण, यंदा उतरवावंच लागणार होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, जळलं होतं. सिलिंडरातला दाब मोजायचं गेज लावलं की पहिला आणि चौथा सिलिंडर १२० पाउंडांच्या आसपास दाखवायचे, मधले दोन ८० च्याही खाली. गाडी चालत होती, पण न्यूट्रलला थरथरायची आणि चढावर दम टाकायची. त्यामुळे हेड खोलायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. परत बसवताना मध्ये काय घालायचं, एवढंच ठरवायचं होतं.

कॉम्प्रेशन, म्हणजे ठिणगी पडण्याआधी हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, थोडं वाढवावं हे माझ्या मनात फार दिवसांपासून होतं. त्याला कारण आहे. १९८०च्या दशकात आपल्याकडे पंपावर मिळणारं साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं असे. ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न भडकण्याची पेट्रोलची क्षमता, कमी असेल आणि इंजिनातला दाब जास्त, तर ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. तेच नॉकिंग. लोखंडी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि चालू राहिलं तर पिस्टनची रिंगांमधली कड तुटते. म्हणून त्या काळच्या गाड्यांचा कॉम्प्रेशन रेशो बेताचाच ठेवलेला असे. आज साधं पेट्रोलही किमान ९१ ऑक्टेनचं आहे. शिवाय त्यात इथेनॉल आहे, आणि इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त. इंजिन अजून जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने बांधलेलं आणि टाकीत नवं पेट्रोल. या दोहोंमध्ये जी मोकळीक उरते तिच्यातली थोडी वापरायची, एवढीच माझी इच्छा होती.

आमचे मेस्त्री पुण्याच्या नाना पेठेतले. पद्मिनी टॅक्सीच्या जमान्यापासून ही इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली. ते म्हणाले, "ताई, हेडला एक एमएम फेसिंग मारून घेऊ. कॉम्प्रेशन वाढेल, पिकअप येईल. पॅकिंग नेहमीचंच टाकू." फेसिंग म्हणजे हेडचा खालचा सपाट पृष्ठभाग कापून घेणं. कुठल्याही जुन्या गॅरेजात हेच सांगतील, आणि त्यात चूक काही नाही.

मी विचारलं, "काका, हेड तसंच ठेवून पॅकिंगच पातळ घेतलं तर?"

"पातळ पॅकिंग टिकत नाही."

"डिझेलमध्ये तर कंपनीच वेगवेगळ्या जाडीची देते ना?"

त्यावर ते थांबले, कारण हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. कित्येक डिझेल इंजिनांत गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात. एक खाच म्हणजे एक जाडी, दोन म्हणजे दुसरी. पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते डायल गेजने मोजायचं आणि त्याप्रमाणे गॅस्केट उचलायचं. म्हणजे जाडी निवडणं हे मुळात कारखान्यातलंच काम आहे, रेसिंगवाल्यांचं खूळ नव्हे. फक्त आपल्या पेट्रोल गाड्यांना एकच जाडी मिळत आली, म्हणून ती निवडायची असते हेच विस्मरणात गेलं. काका म्हणाले, "मग मोजून सांगा. मोजल्याशिवाय मी बसवणार नाही." मलाही तेच हवं होतं.

मोजायचं काय ते आधी सांगते. पिस्टन तळाशी असताना वर असलेली सगळी जागा भागिले पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा, हा कॉम्प्रेशन रेशो. उरलेल्या जागेचे तीन भाग पडतात. हेडमधला खोलगट चेंबर हा पहिला. पिस्टन ब्लॉकच्या पातळीपेक्षा जेवढा खाली थांबतो तेवढी पातळ चकती हा दुसरा. आणि आवळल्यावर गॅस्केटची जेवढी जाडी राहते तेवढी चकती हा तिसरा. पुस्तकातला आकडा घेऊन भागत नाही. चाळीस वर्षांत इंजिन बोअर झालेलं, म्हणजे सिलिंडर कापून रुंद केलेले असतात, हेड कुणीतरी कधीतरी घासलेलं असतं, वॉल्व्ह सीटमध्ये खाली बसलेले असतात. आपल्या इंजिनाचा आकडा आपल्यालाच काढावा लागतो.

आधी हेड लेथवाल्याकडे नेलं. सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज सरकवला तर मधोमध ०.१० मिलिमीटर बाक निघाला. ॲल्युमिनियमचं हेड, आणि गाडी कधी ना कधी तापलेली. ते सपाट होईल इतपतच कट घ्यायला सांगितलं, त्याहून जास्त काही नाही. मग वॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे वॉल्व्ह आपापल्या सीटवर घासून घट्ट बसवणं, करून घेतलं आणि त्यानंतरच मोजणी सुरू केली, कारण या दोन्ही कामांनी चेंबरची जागा बदलते.

शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांचं सामान विकणाऱ्या पेठेतल्या एका दुकानातून ५० मिलिलिटरची काचेची ब्युरेट आणली. जाड ॲक्रिलिकचा तुकडा घेऊन त्याला कडेजवळ एक भोक पाडलं. हेड उलटं ठेवायचं, स्पार्क प्लग घट्ट बसवायचा, वॉल्व्हच्या कडांना आणि चेंबरच्या काठाला ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, ॲक्रिलिक दाबून बसवायचं आणि भोकातून रंगवलेलं रॉकेल थेंब थेंब सोडायचं. शेवटचा बुडबुडा निघून जाईपर्यंत हेड किंचित तिरकं धरावं लागतं. चार चेंबर भरले: ३४.६, ३५.०, ३४.८ आणि ३५.४ घन सेंटिमीटर. चारांत इतका फरक म्हणजे चार सिलिंडरांचा रेशो वेगवेगळा. ज्याचा सर्वांत जास्त, तो आधी नॉक करणार आणि त्याच्यामुळे बाकी तिघांनाही टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घ्यावं लागणार. म्हणून लहान तिघांच्या भिंती हलक्या हाताने, बारीक दगडाने घासून चौघांनाही ३५.४ वर आणलं. हे काम कंटाळवाणं आहे. तरी सबंध खटाटोपातलं सर्वांत मोलाचं तेच, असं माझं मत आहे. गॅस्केट बदला न बदला, चार चेंबर सारखे केले तरी इंजिनाच्या चालीत फरक पडतो.

ब्लॉकवर मॅग्नेटिक स्टँडला डायल गेज लावून पिस्टन वर आणला. तो ब्लॉकच्या पातळीखाली ०.३ मिलिमीटर थांबत होता. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८.४ मिलिमीटर निघाला. मूळचा ६८, म्हणजे एकदा बोअर झालेलं इंजिन. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७५. यावरून एका सिलिंडरचं आकारमान २७५.६ घन सेंटिमीटर येतं. जुनं तांबं-ॲस्बेस्टॉसचं गॅस्केट आवळलेल्या अवस्थेत १.५ मिलिमीटर भरलं आणि त्याचं भोक ७० मिलिमीटरचं, म्हणजे त्याची चकती ५.८ घन सेंटिमीटरची. पिस्टनच्या वरची १.१. सगळं मिळून ४२.३. रेशो आला ७.५.

तेच गॅस्केट १ मिलिमीटरचं घेतलं तर ७.८, ०.८ चं घेतलं तर जवळजवळ ८ आणि अर्ध्या मिलिमीटरचं घेतलं तर ८.२ च्या आत.

आता काकांचं एक मिलिमीटर फेसिंग. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ माझ्या हेडला २९ चौरस सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे एक मिलिमीटर कापल्यावर २.९ घन सेंटिमीटर जागा कमी होते. गॅस्केट दीडवरून पॉइंट आठवर आणलं तर २.७. आकडा जवळपास तोच. मग इतका खटाटोप कशासाठी?

दोन गोष्टींसाठी. कापलेलं ॲल्युमिनियम परत लावता येत नाही. या गाडीची चांगली हेडं आता जुन्या बाजारातही शोधावी लागतात. गॅस्केट मात्र नको वाटलं तर काढून दुसरं घालता येतं. पण माझ्या लेखी खरं कारण दुसरं आहे. पिस्टन वर आला की त्याच्या माथ्याचा थोडा भाग हेडच्या सपाट भागासमोर येतो. त्या फटीतलं मिश्रण चिरडून चेंबरकडे ढकललं जातं, तिथे खळबळ माजते आणि ज्वलन वेगाने पुरं होतं. हॅरी रिकार्डो या इंग्लिश अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हेच ओळखून साइड-वॉल्व्ह इंजिनांची हेडं सुधारली होती. फट मोठी असेल तर उलट घडतं. तिथे मिश्रण गरम होत पडून राहतं आणि नॉकिंगची सुरुवात तिथूनच होते. ही फट म्हणजे पिस्टनची खोली अधिक गॅस्केटची जाडी. हेड कितीही कापलं तरी ती बदलत नाही. माझ्याकडे ती १.८ मिलिमीटर होती. पॉइंट आठच्या गॅस्केटने १.१ होणार होती. म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं आणि त्याच वेळी नॉकिंगचा एक कोपराही कमी होतो. फेसिंगमध्ये पहिलं मिळतं, दुसरं मिळत नाही. हा कागद काकांसमोर ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग पॉइंट पाच का नको?"

अर्धा मिलिमीटर नको, कारण मग फट ०.८ वर येते. वेगात कनेक्टिंग रॉड किंचित ताणला जातो, पिस्टन बोअरमध्ये डुलतो, वर कार्बनचा थर साचतो. जुन्या इंजिनात पिस्टन हेडला टेकायची भीती मला ०.८ वर वाटत होती, १.१ वर नाही. आणि मिळणार काय, तर रेशोत फक्त ०.२. शिवाय गॅस्केट जेवढं पातळ, तेवढं ते पृष्ठभागाचे खळगे भरायला दुबळं. "पातळ पॅकिंग टिकत नाही" या काकांच्या अनुभवाचं मूळ इथेच आहे. पॅकिंगला बोल लागतो, पण बहुतेकदा खालचा ब्लॉक सपाट नसतो.

पॉइंट आठचं गॅस्केट पद्मिनीसाठी दुकानात मिळत नाही. दुकानदाराने तेच जुन्या धाटणीचं जाड पॅकिंग पुढे केलं. ग्रॅफाइटचं करून घेतलं असतं तर आवळल्यावर जाडी किती राहील याची मला खात्री देता येईना. नव्या गाड्यांतलं पोलादी पदरांचं गॅस्केट फार गुळगुळीत पृष्ठभाग मागतं आणि या इंजिनासाठी कुणी बनवत नाही. राहिलं तांबं. ०.८ चा शुद्ध तांब्याचा पत्रा घेतला, जुन्या गॅस्केटवरून ड्रॉइंग काढलं आणि भोसरीच्या एका वॉटरजेटवाल्याकडून कापून घेतलं. पाण्याने कापलं की कडा तापत नाहीत आणि पत्रा वाकत नाही. तरी प्रत्येक भोकाची कड बारीक कानसीने साफ करावी लागते. एक कुसळ राहिलं तरी गॅस्केट तिथे उचललं जातं.

तांबं कापताना, वाकवताना कडक होतं. गॅस्केट म्हणून ते मऊ हवं. त्यासाठी ते लाल होईपर्यंत तापवायचं. पोलादासारखं नाही हे. तांबं पाण्यात विझवलं तरी मऊच राहतं. मला हे घरी बर्नरवर करायचं नव्हतं, कारण एवढा मोठा पत्रा सगळीकडे सारखा तापला पाहिजे. मग कसब्यातल्या तांबट आळीत गेले. तिथले कारागीर हंडे-घंगाळं ठोकताना अधूनमधून भांडं भट्टीत घालून मऊ करून घेतात, नाहीतर मठाराचे ठोके देताना पत्रा चिरतो. भट्टीपाशी बसलेल्या आजोबांना मी गॅस्केट दाखवलं. त्यांनी हे कशाचं असं विचारलंसुद्धा नाही, फक्त बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "कडक झालंय, द्या इकडे." भट्टीतून काढून पाण्यात बुडवलं, वर आलेली काळी खवली घासली आणि परत वाजवून दाखवलं. आधीचा टणत्कार जाऊन आता बद्द आवाज येत होता. या शहरात पेशवाईपासून चालत आलेला हा हात माझ्या इंजिनाच्या कामी आला, याचा मला मनापासून आनंद झाला.

तांब्याचा एक दोष इथेच सांगते, कारण तो लपवून चालत नाही. वायूचा दाब ते उत्तम अडवतं, पण पाण्याच्या वाटांपाशी झिरपतं. ॲस्बेस्टॉसच्या जुन्या गॅस्केटमधला मऊ थर तिथे फुगून बसायचा, तसं नुसत्या पत्र्यात काही नाही. म्हणून दोन्ही बाजूंना तांब्याच्या भुकटीचा सीलंट फवारला आणि पाण्याच्या भोकांभोवती जास्तीचा हात दिला. दुसरं म्हणजे पाणी. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात भिजत राहिले की ॲल्युमिनियम गंजायला लागतं. बोअरवेलचं किंवा नळाचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची आपली सवय या जोडीला घातक आहे. डिस्टिल्ड वॉटर आणि चांगला कूलंट, आणि तो वेळेवर बदलणं, हे जमणार नसेल तर तांब्याच्या वाटेला जाऊ नये. जुनं ॲस्बेस्टॉसचं पॅकिंग खरवडताना ते ओलं करूनच खरवडावं, कोरडी धूळ उडू देऊ नये, हेही जाता जाता.

ब्लॉकची वरची बाजू तपासली. पट्टीखाली ०.०५ चं पान कुठेही शिरलं नाही, तेव्हाच पुढे गेले. शिरलं असतं तर इंजिन बाहेर काढून ब्लॉकलाही फेसिंग करावं लागलं असतं आणि पिस्टनची फट नव्याने मोजावी लागली असती. मग पिस्टनवर क्लेची पातळ वडी ठेवून, जुन्या गॅस्केटवर हेड हलकं बसवून इंजिन हाताने फिरवलं. वॉल्व्हचा ठसा पाहून क्लेची जाडी मोजली. सर्वांत कमी तीन मिलिमीटरच्या वर होती, त्यातले ०.७ जाऊनही दोनाच्या वर उरत होते. इतकं पुरेसं आहे.

बसवणी काकांनीच केली. स्टड साफ, धाग्यांना तेल, आणि मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात टॉर्क रेंचने तीन टप्प्यांत आवळणी. हेड ०.७ मिलिमीटर खाली आलं की पुशरॉड, म्हणजे खालच्या कॅमची हालचाल वरच्या वॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे, तेवढे लांब झाल्यासारखे होतात, त्यामुळे टॅपेट, म्हणजे वॉल्व्हची फट, नव्याने सेट करावे लागतात. जुन्या सेटिंगवर इंजिन फिरवलं तर वॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाहीत. इंजिन तापवलं, पूर्ण थंड होऊ दिलं आणि परत आवळलं. तांबं बसत जातं, त्यामुळे पुढेही काही दिवस हे करावं लागलं.

गेजवर चारही सिलिंडर १३० च्या आसपास आले, आणि एकमेकांच्या अगदी जवळ. इथे पुण्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहोत. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी, त्यामुळे गेजही पुस्तकातल्या आकड्यापेक्षा थोडा कमी दाखवतो आणि नॉकिंगही थोडं उशिरा येतं. इथे जुळवलेलं टायमिंग कोकणात उतरल्यावर तपासलंच पाहिजे.

टायमिंग दोन अंश मागे घेऊन सुरुवात केली. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर मोठा घातला. हा बदल कॉम्प्रेशनसाठी नाही, इथेनॉलसाठी. इथेनॉल असलेल्या पेट्रोलला तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागतं. जुना जेट ते देत नाही, मिश्रण फिकं पडतं, आणि फिकं मिश्रण जास्त तापतं. कॉम्प्रेशन वाढवून जेट तसाच ठेवणं म्हणजे नॉकिंगला आमंत्रण.

पहिली परीक्षा कात्रजच्या जुन्या घाटात, भर दुपारी, तिसऱ्या गिअरमध्ये, वेग कमी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. नॉकिंग याच अवस्थेत सर्वांत आधी येतं. काचा खाली करून डोंगराच्या भिंतीवरून परत येणारा आवाज ऐकत गेले. काही नाही. मग ताम्हिणीतून माणगावला उतरले. खाली उकाड्यात, चार माणसं बसवून, चढ लागला तेव्हा बारीक कडकड ऐकू आली. डिस्ट्रिब्यूटर आणखी एक अंश मागे घेतला आणि ती गेली. पुण्यात परत येऊन पुन्हा पुढे करावं का असा विचार केला, पण गाडी दोन्हीकडे जाते, म्हणून खालचंच सेटिंग ठेवलं.

फरक किती पडला? कागदावर साडेसातावरून आठ म्हणजे आदर्श ऑटो चक्राच्या सूत्राप्रमाणे कार्यक्षमतेत दोन टक्के वाढ. दोन टक्के, बस. पातळ गॅस्केटने गाडी उडायला लागते असं कुणी सांगत असेल तर हे सूत्र मांडून दाखवावं. मला जाणवतो तो बदल खालच्या वेगातला आहे. सिग्नलवरून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी न कुरकुरता उचलते, आणि जिथे आधी दुसरा टाकावा लागायचा त्या चढावर आता तिसरा पुरतो. ॲव्हरेजही सुधारलं आहे, पण त्याचं श्रेय मी गॅस्केटला देत नाही. मधल्या सिलिंडरांची गळती थांबली, वॉल्व्ह नीट बसले, चेंबर सारखे झाले. या सगळ्यांत तांब्याचा वाटा वेगळा काढता येत नाही.

हे सगळं पुशरॉडच्या इंजिनाचं झालं. एका मैत्रिणीला तिच्या मारुती जिप्सीत हेच करायचं आहे, तेव्हा तिला सांगितलं ते इथेही लिहिते. जिप्सीचा कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, हेडमध्ये आहे आणि बेल्टवर फिरतो. गॅस्केट ०.७ मिलिमीटर पातळ झालं की कॅम क्रँकच्या तेवढा जवळ येतो, ओढणाऱ्या बाजूचा बेल्ट ढिला पडतो आणि वॉल्व्हचं टायमिंग क्रँकच्या हिशेबाने अंश-दीड अंश मागे जातं. कॉम्प्रेशनने खालच्या वेगात जे मिळवायचं, त्यातलं काही हे मागे पडलेलं टायमिंग परत घेतं. तिथे कॅमची पुली जुळवता येणारी करून घ्यावी, आणि तिची किंमत गॅस्केटच्या हिशेबात आधीच धरावी.